सगळे गेम एकाच माळेचे मणी नव्हेत

'मोबाइल गेमने पिढी बिघडवली' हे मागील अंकातील पत्र वाचले. मुलांच्या झोपेची काळजी रास्त आहे. पण सगळ्याच गेमना सरसकट दोष देणे पटत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) हा गेम माझा लाडका. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला दुर्गेचा त्रिशूळ घेऊन निघते. कथा छायाबाहुल्यांच्या खेळातून उलगडते. दुसरा 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९). त्यात शेत पुन्हा पेरायला ६० लाकूड मोजावे लागते आणि तोडलेले झाड परत उगवत नाही. ताडोबाच्या जंगलालगतच्या आम्हा चिमूरकरांना हा हिशेब लगेच कळतो.

वेळेचे बंधन जरूर घाला. पण आधी मुलाशेजारी बसून तो काय खेळतो ते पाहा.

– एक वाचक, चिमूर (जि. चंद्रपूर)