झेनोबियाचा पोशाख

२ जुलै १८९७ च्या रात्री लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त ऐतिहासिक वेशभूषेचा नृत्यसमारंभ झाला. मला त्या रात्रीपेक्षा आधीच्या आठवड्यांची लगबग अधिक ओढ लावते. अट अशी, की पोशाख १८१५ पूर्वीचा हवा, नाहीतर रूपकात्मक. सुमारे सातशे पाहुणे तयारीला लागले. जुन्या तैलचित्रांतली बाहीची फुगी, गळपट्टीच्या चुण्या पाहून शिंप्यांना कामं दिली गेली. शिवाय पाहुण्यांचे दरबार ठरले होते, एलिझाबेथचा, मारिया थेरेसाचा, रशियाच्या कॅथरिनचा. त्यामुळे एकट्यानं सजून भागत नव्हतं, सगळ्या मंडळींचा मेळ बसायला हवा होता. यजमानीण डचेस लुईज पाल्मिराची राणी झेनोबिया झाल्या. पॅरिसच्या वर्थनं शिवलेला त्यांचा जरीकामानं मढलेला पोशाख डेव्हनशायर घराण्याच्या चॅट्सवर्थ वाड्यात जपलेला आहे. तो शिवणाऱ्या कारागिरांची नावं कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एवढं जरीकाम काही आपोआप होत नाही. बागेत लाफाएट स्टुडिओनं तंबू टाकून पाहुण्यांची छायाचित्रं घेतली, म्हणून ती कारागिरी आपल्याला दिसते तरी. मात्र ती पाहताना मला पुणं बाजूला ठेवता येत नाही. प्लेगच्या घरझडत्यांनी लोक संतापले होते, आणि याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. तो ३ जुलैला मेला, म्हणजे नृत्याच्या दुसऱ्याच दिवशी.