ठणका थांबला, पण जबड्याचं काय?

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत दाताचा ठणका थांबला की पोराचं दुखणं संपलं असं धरून चालतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गालाला हात लावून बसलेलं लेकरू दरवर्षी वर्गात दिसतं, आणि आठवड्याभरात तेच मैदानावर धावत असतं. घरी सांगायला गेलं तर उत्तर ठरलेलं : "आता दुखत नाही ना त्याले, मंग कायले नेता डॉक्टरकडं?"

दुखत नाही, कारण दातातली नस मेलेली असते. जंतू मात्र जिवंत असतात. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि तिथलं जबड्याचं हाड आतल्या आत झिजत जातं. महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

माझ्या वर्गातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या जबड्याच्या कडेला, बाहेरून, पुटकुळी आली होती. घरचे मलम लावत होते. ती सुके, पुन्हा वाहू लागे. शेवटी तिच्या आईसोबत मी वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात गेले. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हाड पांढरं दिसतं, आणि खालच्या दाढेच्या मुळाशी हरभऱ्याएवढा काळा डाग. पू तिथून वाट काढत कातडीपर्यंत आला होता. आई म्हणाली, "ही तर दुधाची दाढ, पडंलच ना." ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते, ती कायमची. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरोघरी हीच गफलत होते.

दाढ काढली नाही. बारीक सुयांनी मुळातल्या नळ्या साफ केल्या, ब्लीचिंगसारख्या वासाच्या औषधानं धुतल्या, मग गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून वर कॅप बसवली. पुटकुळीला हात न लावता ती बुजली. सहा महिन्यांनी डाग लहान दिसला, वर्षानं आणखी लहान. हाड पुन्हा भरून येतं, फक्त त्याला वेळ लागतो. सात-आठ वर्षांच्या पोराचं काम याहून नाजूक. त्याच्या मुळाचं टोक अजून उघडं असतं, त्यामुळे आधी औषधानं टोक बंद करावं लागतं आणि फेऱ्या वाढतात.

या फेऱ्यांपाशीच सगळं अडतं. आष्टीहून आर्वी, तिथून वर्धा, म्हणजे दिवसभराची मजुरी बुडाली. संत्र्याच्या तोडणीत तर कोणी निघतच नाही. मग पहिल्या फेरीत ठणका थांबला की माणसं परत जात नाहीत, किंवा सरळ दाढ उपटून घेतात. काही वेळा काढण्याशिवाय इलाज नसतो, हे मला मान्य आहे. पण वाचण्यासारखी दाढ बसभाड्यापायी गेली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि चावणं कायमचं बिघडतं.

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आहे. शाळेत वर्षातून एकदा पथक यायचं असतं. त्या पथकानं सहा-सात वर्षांच्या पोरांची ही पहिली कायमची दाढ आवर्जून पाहावी आणि हिरडीवरची पुटकुळी तोंड उघडून शोधावी. दातांचं छोटं एक्स-रे यंत्र तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चालू हवं, म्हणजे निदान तपासणीच्या फेऱ्या इथेच होतील. आणि उपचार झालेल्या प्रत्येक पोराच्या कार्डावर सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेची तारीख लिहून ती शाळेलाही कळवावी. हजेरीपटाशेजारी ती तारीख टिपून ठेवायला आम्ही शिक्षक तयार आहोत.