मागणाऱ्याला फुकट, देणाऱ्याला महाग

खासगीपणा हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमात अनुस्यूत असलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने दिला. हा निर्वाळा सहजासहजी पदरात पडलेला नाही. १९६२ साली खरकसिंग खटल्यात, पाळतीवरच्या माणसाच्या घरी रात्री-अपरात्री जाण्याचा पोलिसांचा अधिकार न्यायालयाने रद्द केला. पण खासगीपणाचा हक्क घटनेत आहे, हे मान्य करायला बहुमत तयार नव्हते. न्या. सुब्बा राव यांनी मात्र आपल्या भिन्नमतात, खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक होय, असे बजावले होते. त्या अल्पमताचे एकमत व्हायला पंचावन्न वर्षे जावी लागली.

तत्त्वाची लढाई अशी जिंकली गेली. परंतु सामान्य माणसाच्या खासगीपणाचा प्रश्न घटनापीठापुढे क्वचितच उपस्थित होतो. तो उपस्थित होतो दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेच्या खिडकीशी, भाड्याच्या खोलीचा करार करताना. दुकानदार मोबाईल क्रमांकावाचून बिल करीत नाही. लॉजवाला आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून घेतो. शिकवणीच्या वर्गाचा अर्ज पालकांचे उत्पन्न विचारतो. ही माहिती द्यावीच लागते काय?

पुष्कळदा कायद्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. बिलासाठी मोबाईल क्रमांकाचा आग्रह धरू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळविले आहे. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि बँकखाते वा मोबाईल यांना ते जोडण्याची सक्ती घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले. सरकारी अनुदाने आणि प्राप्तिकराचा पॅन क्रमांक यांच्या बाबतीत मात्र ती सक्ती त्याच निकालाने कायम ठेवली. जेथे ओळख पटविणे खरोखरच आवश्यक असते, तेथेही पहिले आठ अंक झाकून फक्त शेवटचे चार दाखविणारे आधार कार्ड देता येते. ही सोय आधार प्राधिकरणानेच केलेली आहे.

मग व्यवहारात याच्या उलट का घडते? केवळ अज्ञान हे त्याचे कारण नव्हे. खरे कारण आर्थिक आहे. जी वस्तू फुकट मिळते तिची मागणी अमर्याद वाढते, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. माहिती मागणाऱ्याला मागण्याचा खर्च काहीच नाही; उलट, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून ती जमवून ठेवण्यातच त्याला लाभ दिसतो. ती फुटली तर होणारे नुकसान मात्र सर्वस्वी देणाऱ्याचे. एखाद्या कारकुनाच्या कागदपत्रांवर तिऱ्हाइताने परस्पर सिमकार्ड घेतले, तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्या कारकुनाने झिजवायच्या. ज्याच्या फडताळातून ती झेरॉक्स गेली त्याला त्याची वार्ताही नसते.

ज्याच्या मनात काळेबेरे नाही त्याने लपवावे कशाला, असा प्रश्न काही सज्जन विचारतात. पण घराला दार असते ते घरात चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. शिक्षकाचे कर्ज, विद्यार्थ्याचा आजार, एकट्या राहणाऱ्या स्त्रीचा पत्ता यांत लाज वाटण्याजोगे काही नाही. तरीही ते कोणाला सांगायचे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला असला पाहिजे.

संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, त्याचे स्वागतच केले पाहिजे. संमती मुक्त, निःसंदिग्ध आणि विशिष्ट कामापुरतीच असावी. कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, हे तत्त्व त्याने स्वीकारले आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने रुग्णाच्या फोनमधील संपर्कयादी मागितली, तर तेवढ्यापुरती संमती गैरलागू ठरते, असे उदाहरणच कायद्याने दिले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

तथापि या कायद्यात दोन मोठ्या उणिवा आहेत. तो डिजिटल स्वरूपातील, किंवा नंतर त्या स्वरूपात आणलेल्या, माहितीलाच लागू होतो. फडताळातील झेरॉक्सचा गठ्ठा त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय करणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती एक पैसाही पडण्याची तरतूद नाही. इतकेच नव्हे, तर संवेदनशील माहितीबाबत निष्काळजीपणा करणाऱ्या कंपनीकडून भरपाई मिळवून देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३ अ हे कलमही वगळण्याची व्यवस्था याच कायद्याने केली आहे. उलट, नागरिकाची तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शेजाऱ्याच्या गाडीची धडक बसावी आणि भरपाई म्हणून नगरपालिकेने दंड वसूल करावा, तसाच हा प्रकार झाला.

उपाय अवघड नाहीत. नुकसान सोसणाऱ्याला भरपाई देण्याची तरतूद कायद्यात पुन्हा यावी. शाळा, सहकारी संस्था, कार्यालये यांनी आपले जुने अर्ज काढून प्रत्येक रकान्यापुढे ‘हे कशासाठी?’ असा प्रश्न लिहावा आणि ज्याचे उत्तर मिळणार नाही तो रकाना खोडून टाकावा. अर्जाचे नमुने ज्यांच्या टेबलावर तयार होतात ते शिक्षक आणि कारकून यांना हे काम कोणत्याही मंत्रालयाच्या आदेशाची वाट न पाहता करता येईल. आणि अर्ज भरणाऱ्यानेही तोच प्रश्न विचारण्यास संकोचू नये. माहिती मागणाऱ्याला ती मागण्याची काही किंमत मोजावी लागेल, तेव्हाच १९६२ साली अल्पमतात राहिलेले ते तत्त्व दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचेल.