दारातली पिकअप आणि बसलेली बॅटरी



खंडेनवमीला हार घातलेली पिकअप सोयाबीन बाजारात पोचवते आणि मग थेट येळवशीलाच तिची आठवण होते. आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे, सतरंज्या, पोरंटोरं सगळं मागे चढतं, किल्ली फिरते आणि आतून नुसतं 'टक-टक'. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागात हे दृश्य ओळखीचंच. येळवशीला शेजारचा ट्रॅक्टर मिळतो. पण रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखलं, तर हीच पिकअप गावाची अँब्युलन्स होते. आपण पुण्या-हैदराबादला आणि आई-बाबा गावी असतील, तर ती एका किल्लीत चालू होणं महत्त्वाचं.

उभी गाडी बॅटरी कशी खाते? किल्ली काढली तरी घड्याळ, इंजिनचा कंट्रोल युनिट, सेंट्रल लॉक थोडा करंट घेतच असतात. हिशेब बघा. ५० मिलिअँपिअर करंट दिवसभरात १.२ अँपिअर-अवर घेतो, म्हणजे महिन्यात ३६. बॅटरी ६० अँपिअर-अवरची असेल तर निम्म्याहून जास्त संपली! वरून जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून बसवलेली टेप असेल तर आणखी लवकर. त्यात आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी पार करतो, आणि उष्णतेने बॅटरी आपोआपही जास्त उतरते.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. म्हणून बॅटरी बसल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती बसूच न देणं स्वस्त पडतं.

काय करायचं?

१. पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवा. दारात उभी करून पाच मिनिटं इंजिन चालवणं म्हणजे चार्जिंग नव्हे. सेल मारायला गेलेला करंटही कधी कधी त्यात नीट भरून निघत नाही. पाऊण तास रस्त्यावर चालवा. हुमनाबादचा बाजार, बिदरचं काम त्याच दिवशी उरका.

२. महिनाभर गाडी लागणारच नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. किल्ली बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबा, मग दहा नंबरच्या पान्याने, किंवा बसेल त्या पान्याने, वायर सैल करा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, ट्रॅकरही बंद राहील, एवढंच. मात्र रात्रीच्या गरजेला हीच गाडी असेल तर वायर काढू नका, पहिला उपाय पाळा.

३. घरी मल्टिमीटर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे लगेच चार्जिंगला न्या. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरकडे असू शकतो. नवी बॅटरी घेण्याआधी तो तपासून घ्या.

४. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, पुसून व्हॅसलिन लावा. झाकणांची बॅटरी असेल तर खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, बोअरचं पाणी नको. आत ॲसिड असतं आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो; तेव्हा जवळ बिडी-काडी नको.

आणि धक्का मारून चालू करायची जुनी सवय? नव्या डिझेल गाड्यांत इंजिनचं कॉम्प्युटर जागं व्हायलाच थोडी वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर सगळी गल्ली ढकलायला आली तरी उपयोग नाही.

हे सगळं फोनवरून बाबांना सांगून लक्षात राहणार नाही. त्यापेक्षा सोपी खूण द्या. अमावास्येला आपण गाडीपुढे नारळ फोडतोच. नारळ फोडला की एक चक्कर मारायची, पौर्णिमेला दुसरी. पंधरा दिवसांचं वेळापत्रक आपोआप पाळलं जातं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा सोबत एक मल्टिमीटर न्या, आणि व्होल्ट कसे वाचायचे ते घरातल्या एखाद्या शाळकरी भाच्या-पुतण्याला शिकवून या.