जुनी ऑक्टाव्हिया आरएस आणि मागे लॅब्रॅडॉर

सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घ्यायचा विचार बोलून दाखवला, की सल्ल्यांना तोटा नसतो. "अहो, पेट्रोल ओतता ओतता थकाल." "युरोपियन गाडी वॉरंटी संपली की विकायची असते, घ्यायची नसते." "पुण्याच्या स्पीडब्रेकरवर पोट घासणार." आणि घरात कुत्रा आहे हे कळलं, की शेवटचा टोला: "मग तर एसयूव्हीच घ्या, कुत्र्याला उंच गाडी लागते." हे चारही आक्षेप इतक्या खात्रीने ऐकवले जातात की त्यामागचा हिशेब कुणी मागत नाही. तो मागावा, आक्षेपांत खरं असेल ते मान्य करावं आणि उरलेलं खोडावं, यासाठी हा लेख.

आधी गाडीविषयी. स्कोडाने २०१७ मध्ये आरएस २३० भारतात आणली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, सहा गिअरची ऑटोमॅटिक डीएसजी, शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत, एक्स-शोरूम किंमत २४.६२ लाख. २०२० मध्ये आरएस २४५ आली, ती आयात केलेली, अवघ्या २०० गाड्या, ३५.९९ लाखांना. २०२३ मध्ये ऑक्टाव्हिया इथल्या बाजारातून गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात २६५ पीएसची नवी आरएस परतली ती शंभरच गाड्यांपुरती, पन्नास लाखांना. तेव्हा नोकरदार कुटुंबाला परवडेल अशी आरएस हवी असेल तर ती जुनीच घ्यावी लागते. आणि एवढा वेग असूनही ही मुळात पाच माणसांची घरगुती गाडी आहे. डिकी ५९० लिटरची, मागची सीट पाडली की १५८० लिटरची.

पहिला आक्षेप पेट्रोलचा. आकडे मुद्दाम विरोधकांच्या सोयीचे घेऊ. वर्षाला बारा हजार किलोमीटर, आरएसला शहरात लिटरला आठ किलोमीटर, आणि नव्या ऑटोमॅटिक एसयूव्हीला बारा. म्हणजे एकीला दीड हजार लिटर, दुसरीला हजार. त्यात ई-२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भर घाला. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय, की ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. हा सगळा तोटा आरएसच्याच माथी मारू, म्हणजे आणखी शंभर लिटर. फरक झाला सहाशे लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला ६३ हजार. रक्कम लहान नाही, ती नाकारायचं कारणही नाही. मात्र शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल लागतं ही अफवा आहे. ती गरज ट्यून केलेल्या गाड्यांची, कंपनीतून आली तशीच राहिलेल्या इंजिनाची नव्हे.

आता ज्या रकमेबद्दल सल्लागार चकार शब्द काढत नाहीत तिच्याकडे येऊ. नवी गाडी पंचवीस लाखांची घेतली, तर विमा कंपन्यांच्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरायच्या किमतीच्या) तक्त्याप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या गाडीची किंमत २० टक्के कमी धरतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्के. पाच वर्षांत साडेबारा लाख, म्हणजे वर्षाला अडीच लाख, गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी उडतात. शिवाय वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के एकरकमी रस्ता कर, म्हणजे पंचवीस लाखांवर सव्वातीन लाख. जुन्या आरएसचा हा कर पहिल्या मालकाने भरून टाकलेला असतो. तिची मोठी घसरण त्याच्याच खिशातून झालेली असते, आणि गाड्या मोजक्याच असल्यामुळे मागणी टिकून असते. तरीही दरवर्षी सव्वा लाखाने किंमत उतरेल असं धरा. नव्या गाडीच्या तुलनेत सव्वा लाख वाचले. त्यातून पेट्रोलचे ६३ हजार वजा करा. ६२ हजार शिल्लक राहतात, दरवर्षी. ते गॅरेजसाठी बाजूला ठेवायचे.

इथून दुसरा आक्षेप सुरू होतो: ही शिल्लक गॅरेज दोन घासांत गिळेल. यात तथ्य आहे, पण अर्धंच. सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीने जगभर बदनामी ओढवून घेतली. २३० मधली सहा गिअरची डीएसजी मात्र तेलात बुडालेल्या क्लचची आहे. तिचं तेल साठ हजार किलोमीटरला बदललं तर ती मुकाट्याने चालते, आणि न बदलणाऱ्याला ती माफ करत नाही. इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग ही ओळखीची दुखरी जागा. २२५ रुंदीचे, सतरा इंची चांगले टायर स्वस्त नाहीत. गाडी सात-आठ वर्षांची झाली की घसारा न कापणारा झिरो डेप विमा सहज मिळत नाही, त्यामुळे बंपर फुटला तर बिलातला मोठा वाटा आपला. थर्ड पार्टी विम्यात दीड हजार सीसीवरच्या इंजिनाला ७,८९७ रुपये पडतात, हजार ते दीड हजार सीसीच्या इंजिनाला ३,४१६. हे सगळे खर्च खरे आहेत. पण यांतला एकही अचानक कोसळणारा नाही. तारीख आणि किलोमीटर पाहून आधीच मांडून ठेवता येतात.

खरा धोका गाडीच्या ताकदीत नसून तिच्या आधीच्या मालकात असतो. म्हणून गाडी पाहायला सकाळी जायचं, आणि आपण पोचेपर्यंत ती सुरू करू नका असं आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं. विकणाऱ्याने "जरा गरम करून ठेवली" म्हटलं, तर का ते विचारायचं. बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीची पातळी पाहायची. मग टॉर्च घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या खाली डोकवायचं. हाउसिंगच्या कडेला गुलाबी, सुकून मिठासारखा झालेला थर दिसला की गळती आहे, आणि ती आजची नाही. उभ्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून रिव्हर्स, ड्राइव्ह, पुन्हा रिव्हर्स टाकून पाहायचं. धक्का बसला तर पुढे जायचं नाही. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवायचा. शेवटी एकच कागद मागायचा, साठ हजाराच्या सर्व्हिसचं बिल. "स्टेज वन ट्यूनिंग केलं होतं, पण आता परत स्टॉक केलंय" असं कुणी सांगितलं तर चहा घेऊन निघायचं. पासिंग महाराष्ट्राचं असेल तर फक्त ट्रान्स्फर करावी लागते. बाहेरच्या राज्याची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला कर भरता भरता तो स्वस्तपणा संपतो.

तिसरा आक्षेप ग्राउंड क्लिअरन्सचा. तो मला मान्य आहे. चार माणसं, सामान आणि मागे तीस किलोचं जनावर अशी भरलेली आरएस मागून बसते, आणि सोसायटीच्या तोंडाशी कुणीतरी स्वतःच्या मर्जीने ओतलेल्या सिमेंटच्या उंचवट्यावर घासते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे स्पीडब्रेकर दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपले रस्ते हा निकष कुठे पाळतात? पण घासायची ती गाडी घासतेच, रस्ता चुकीचा म्हणून तिचा पत्रा वाचत नाही. कोकणातलं घर कच्च्या चढावर असेल, रोजच्या वाटेवर खड्डे असतील, तर आरएसचं नाव काढू नका. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त मर्यादा आहे: ज्याचे बहुतेक किलोमीटर शहरात आणि महामार्गावर होतात त्याला तो लागू होत नाही.

चौथा आक्षेप मात्र सर्वांत पोकळ आहे, आणि तोच सर्वांत मोठ्या आवाजात सांगतात. कुत्र्याला उंच गाडी का लागते? उंची माणसाला आवडते, बाहेर दिसतं म्हणून. लॅब्रॅडॉर पंचवीस ते पस्तीस किलोचा प्राणी, आणि या जातीला खुब्याच्या सांध्यांचा त्रास होण्याची शक्यता जास्त. उंच डिकीत रोज उडी मारून चढायचं, त्याहून वाईट म्हणजे रोज खाली उडी मारायची, हे त्याच्या सांध्यांना महाग पडतं. तो म्हातारा झाला की त्याला उचलणारी कंबर आपली असते. सात सीटच्या एसयूव्हीत तिसरी रांग पाडली की डिकीचा तळ आणखी वर येतो. कुत्र्याला हवी ती इस्टेट गाडी. ती आपण कधी घेतलीच नाही. १९९२ ची टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, सगळ्यांना आपण "लांब डिकीची टॅक्सी" म्हणून नाकारलं. आज इस्टेटच्या सर्वांत जवळ जाणारी गाडी म्हणजे ऑक्टाव्हियासारखी लिफ्टबॅक.

ऑक्टाव्हियाचं मागचं दार काचेसकट वर उघडतं. पार्सल ट्रे काढून घरी ठेवला की डिकी आणि केबिन यांची हवा एक होते. बंद डिकीच्या सेडानमध्ये हे शक्यच नाही. तळाला रबरी मॅट, वर जुनी गोधडी, सीटच्या पाठीमागे लोखंडी जाळी. दारात काठ आहे, डिकीचा तळ त्याच्या आत खाली जातो. त्यामुळे उतरताना कुत्र्याला पुढचे पाय काठावर टेकवून निघावं लागतं. तिथे जुना टॉवेल टाकला की बंपरवर नखांचे ओरखडे उठत नाहीत. उतरती काच उन्हात तापते, म्हणून दुपारी मागच्या सीटचा एक भाग पाडून त्याला पुढे, एसीच्या झोताकडे सरकू द्यायचं.

गाडीचा कडकपणा कुत्र्याला त्रास देतो असंही म्हणतात. उलट, खंबाटकी किंवा ताम्हिणी घाट उतरताना उंच गाडी डोलते तेव्हा मागे उभ्या कुत्र्याला वळण येताना दिसत नाही. तो घसरतो, लाळ गाळतो, शेवटी ओकतो. खाली बसलेली, कमी झुकणारी गाडी त्याला सोयीची. कुत्र्याला त्रास होतो तो चालवणाऱ्याच्या उजव्या पायाचा. २३० पीएस ओव्हरटेकला वापरा, सिग्नलवरून सुटायला नको.

आणि सुरक्षितता उंचीने येत नाही, बांधल्याने येते. पन्नासच्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर मोकळा तीस किलोचा कुत्रा पुढच्या सीटवर सुमारे सहाशे किलोच्या जोराने आदळतो. ब्रिटनच्या हायवे कोडच्या ५७ व्या नियमात कुत्र्याला बांधून न्यायला सांगितलंय. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १२५ वं कलम चालकाला अडथळा होईल असं काही ठेवायला मनाई करतं. मांडीवर कुत्रा घेऊन स्टिअरिंग धरणाऱ्यांनी ते एकदा वाचावं. उकाड्यापुढे तर सगळ्या गाड्या सारख्याच. बाहेर २४ अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत ३४ वर जाते. आपल्या एप्रिलचं वेगळं सांगायला नको.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. जुनी वेगवान घरगुती गाडी ही चैन असेल, उधळपट्टी नव्हे. नव्या गाडीच्या घसाऱ्यात जे नकळत जातं तेच इथे पेट्रोल आणि देखभालीत डोळ्यांदेखत खर्च होतं. पैसे नसतील, जवळ जाणकार गॅरेज नसेल, वाट खडबडीत असेल, तर घेऊ नये. यांतली एकही अडचण नसेल तर कुत्रा हे नाही म्हणायचं कारण उरत नाही. ट्रायलला जाताना त्यालाच बरोबर न्या. विकणाऱ्याची हरकत असेल तर सीटवर चादर अंथरायची तयारी दाखवा. डिकीत तो स्वतःहून चढला आणि वळणावर आडवा पडून राहिला, तर सौदा करा. चढायलाच तयार नसेल, तर गाडी कितीही पळत असली तरी दुसरी पाहा.