दंडाच्या पावतीने रस्ता स्वच्छ होत नाही

पुण्याचा लक्ष्मी रस्ता घाण झाला आहे, ही तक्रार खोटी नाही. क्वार्टर गेटपासून अलका चौकापर्यंत पसरलेल्या या बाजारपेठेत दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत पाऊल ठेवणाऱ्यास तिचा प्रत्यय तत्काळ येतो. पायऱ्यांलगत गुटख्याच्या पुड्या, जिन्यांच्या कोपऱ्यांत लाल पिचकाऱ्या, बोळांच्या तोंडाशी लघवीचा दर्प, आणि रात्री दुकानांची शटर खाली ओढली गेली की पदपथावर आलेले पुठ्ठे, थर्मोकोल व प्लॅस्टिकची वेष्टने. गर्दीचा फायदा घेऊन बायकांना धक्के मारणारे टोळभैरव आहेत. दारू पिऊन शिवीगाळ करणारेही आहेत. प्रश्न अस्तित्वात आहे की नाही, याविषयी म्हणून वाद नको. वाद आहे तो दोषी कोण आणि उपाय कोणता याविषयी. या वादात महानगरपालिकेचे प्रशासन, बडे व्यापारी आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणारा बोलका मध्यमवर्ग यांनी जी बाजू घेतली आहे ती अन्यायाची आहे. आणि अन्यायाची असूनही निदान कामाची असावी, तर तीही नाही.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे की, लोकांना शिस्त नाही. शिस्त नाही म्हणून दंड हवा, दंड पुरेसा होत नाही म्हणून तो वाढवायला हवा, आणि पथारीवाल्यांना उठवले की रस्ता आपोआप मोकळा व स्वच्छ होईल. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु या युक्तिवादाची परीक्षा अनुभवावर झालेली आहे आणि तो अनुभव या मंडळींच्या विरोधात जातो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पुणे महापालिकेने रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंड करून त्यांची थुंकी त्यांच्याकडूनच पुसून घेण्याची मोहीम काढली. पहिल्या आठवड्याभरातच दीडशेच्या आसपास माणसे पकडली गेली. त्यांची छायाचित्रे झळकली, पालिकेची वाहवा झाली. थुंकणे हा गुन्हाच आहे. त्याचे समर्थन कोणी करू नये. क्षयासारखा रोग थुंकीतून पसरतो आणि त्याचे पहिले बळी दाटीवाटीने राहणारे गरीबच असतात. पण एक साधा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. महाराष्ट्रात गुटख्याचे उत्पादन, साठवण व विक्री यांवर जुलै २०१२ मध्ये बंदी आली आणि वर्षानुवर्षे नव्या आदेशांनी ती पुढे चालू राहिली. मग जी वस्तू राज्यात असूच नये, तिची पिचकारी भिंतीवर येते कोठून? ती पुडी कारखान्यातून निघते, ट्रकने सीमा ओलांडते, गोदामात उतरते, घाऊक व्यापाऱ्याच्या हातून टपरीवर पोचते आणि शेवटी एखाद्या हमालाच्या तोंडात जाते. या सगळ्या साखळीत गुडघे टेकून फरशी पुसायला लावला गेला तो फक्त शेवटचा माणूस. कारखानदाराला कोणी फडके हातात दिले नाही. शासनाची शिस्त नेमकी कोणत्या पायरीवर येऊन थांबते, ते यावरून समजावे.

दंडाचा व्यवहार खासगी हातांत गेला की काय होते, हे मुंबईने दाखवून दिले आहे. तेथे २००७ साली स्वच्छतेसाठी खासगी संस्थांमार्फत ‘क्लीन-अप मार्शल’ नेमण्याची योजना आली. वसूल झालेल्या दंडातील वाटा संस्थेला मिळावा, अशी ही व्यवस्था. ज्याचे उत्पन्न घाणीवर अवलंबून आहे त्याला घाण नाहीशी होण्यात रस कसा असणार? अरेरावीच्या आणि पैसे उकळण्याच्या तक्रारी वाढत गेल्या, योजना गुंडाळावी लागली. कोरोनाच्या काळात मुखपट्टी न लावणाऱ्यांच्या मागे हेच मार्शल लागले आणि त्याच तक्रारी पुन्हा झाल्या. तरीही एप्रिल २०२४ मध्ये योजना नव्याने सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये, अवघ्या वर्षभरात, पुन्हा बंद करावी लागली. एवढ्या प्रयोगांनंतर मुंबईचे रस्ते लखलखीत झाले असते तर निदान वाद घालता आला असता. झाले ते इतकेच, की परगावाहून आलेल्या, कायदा न कळणाऱ्या माणसाला रस्त्यात अडवून पावती फाडण्याचा परवाना काही जणांना मिळाला.

पथारीवाल्यांची गोष्ट याहून जुनी आहे. रस्त्यावरचा व्यवसाय हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, त्याचे नियमन करता येते पण त्याला मुळातून नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले. पुढे पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, संसदेने पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला उठवायचे नाही. शहरात पथविक्रेता समिती नेमायची. तिच्यातील चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या, असे हा कायदा सांगतो. मुंबईत या प्रतिनिधींच्या निवडणुकीला ऑगस्ट २०२४ उजाडला. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क कागदावरून मतपेटीपर्यंत यायला दहा वर्षे लागली. अतिक्रमणाची गाडी मात्र कधीच दहा वर्षे थांबत नाही. ती सकाळी आदेश मिळाला की दुपारी येते आणि केळीची पाटी उचलून नेते.

पथारीवाला कचरा करतो, हे खरे. त्याने टोपली ठेवली पाहिजे, सालपटे व कागद तिच्यातच गेले पाहिजेत, ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्याला उद्या याच जागी बसता येईल याची शाश्वती नाही, ज्याला रोज हप्ता मोजून दिवस ढकलावा लागतो, त्याने जागेची निगा राखावी असे म्हणणे ही थट्टा आहे. जागा नक्की करून द्या, परवाना द्या, आणि मग नियम मोडला तर जाब विचारा. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रस्त्यावरची गुंडगिरी ज्याला सर्वांत आधी भोगावी लागते तो पथारीवालाच. दादांचा हप्ता तोच देतो, दारुड्याची लाथ त्याच्याच पाटीला बसते. रात्री साडेनऊला एकट्या परतणाऱ्या दुकानातील कामगार मुलीला, कोपऱ्यावर गजरे विकणारी बाई बसलेली असली तर आधार वाटतो. तिला उठवून रस्ता ‘मोकळा’ केला की तो नेमका कोणासाठी मोकळा होतो, याचा विचार सुशोभीकरणाच्या आराखड्यांत सापडत नाही.

आता ज्यांच्याकडे बोट दाखवले जात नाही त्यांच्याकडे वळावे. बाजारपेठेतील कचऱ्याचा मोठा हिस्सा वेष्टनांचा असतो. ही वेष्टने ग्राहक घडवत नाही, पथारीवालाही घडवत नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी विघटन न होणाऱ्या वेष्टनांत माल विकणाऱ्या कंपन्यांवर ती वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी जाहीर केली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठरवला. छापे पडले ते भाजीवाल्यांच्या पिशव्यांवर. ज्या कंपन्यांच्या चकचकीत पुड्यांनी गटारे तुंबतात, त्यांच्या दाराशी महापालिकेचा निरीक्षक पावतीपुस्तक घेऊन गेल्याचे दृश्य पुणेकरांच्या परिचयाचे नाही. दिवसाकाठी लाखोंची उलाढाल करणारे दुकान पदपथावर पुठ्ठे फेकते तेव्हा त्याला ‘व्यापाराची अडचण’ म्हणतात. भेळवाल्याचा कागद उडाला तर ती ‘बेशिस्त’ ठरते.

लघवीच्या दर्पाचेही तसेच. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगार स्त्रियाही पुष्कळ. स्त्रियांसाठी पुरेशी व स्वच्छ स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राज्यातील महापालिकांना दिले. तो लढा पुण्यातल्याच स्त्रीसंघटनेने लढवला होता. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळा होतो आणि समाज नाक मुरडतो. स्त्री पाणी न पिता दिवस काढते आणि तिची वेदना कोणाच्या नाकाला लागत नाही. मुतारी न बांधता ‘येथे लघवी करू नये’ अशी पाटी रंगवणारे प्रशासन स्वतःच्या कर्तव्यच्युतीची जाहिरात करत असते.

हा सारा पसारा रोज उचलतो कोण? पहाटे झाडू घेऊन निघणारी बाई बहुतेक वेळा ठेकेदाराची असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम ज्या जातींच्या माथी मारले गेले त्यांच्यापैकी असते. मुंबईत अशा २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करावे हा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा महापालिकेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथेही ती हरली. ज्यांच्या हातांवर शहर जगते त्यांना आपले कामगार म्हणण्यास महापालिका तयार नव्हती. पुण्याने खरे तर वेगळी वाट दाखवली होती. येथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्र मिळाले, संघटनेचे बळ मिळाले. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम वेचकांनी स्वतः अंगावर घेतले. जगभरातून अभ्यासक हे काम पाहायला आले. महापालिकेने मात्र २०२० च्या अखेरीस करार संपल्यावर संस्थेला अल्प मुदतवाढींवर लोंबकळत ठेवले. ठेकेदाराला द्यायला जो विश्वास असतो तो कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेला देताना नोकरशाहीचा हात आखडतो, हे पुन्हा एकदा दिसले.

इथवर जे लिहिले ते कार्यकर्त्यांना पटेल. पुढचे कदाचित रुचणार नाही. डाव्या चळवळीत अशी एक समजूत रुजली आहे की, स्वच्छता हा पांढरपेशांचा छंद आहे. पोटाचे प्रश्न सुटले की कचऱ्याचे पाहता येईल. ही समजूत चुकीची आणि घातक आहे. बंगल्यात राहणाऱ्याला रस्ता घाण असला तरी चालते, कारण तो काचा वर करून जातो. रस्त्यावरच ज्याचा दिवस जातो त्याच्या मुलाला जुलाब होतात, त्याच्याच बायकोचा हात गर्दीत धरला जातो. छेड काढणारा बेकार आहे म्हणून त्याची बाजू सावरणे म्हणजे कष्टकरी स्त्रीला वाऱ्यावर सोडणे होय. हा प्रश्न समाजवाद्यांनी सोडला म्हणूनच झाडूचा मक्ता छायाचित्रांपुरता झाडू धरणाऱ्या मंत्र्यांकडे गेला. वास्तविक झाडू ही आपल्याच परंपरेची वस्तू आहे. गाडगेबाबांनी गावोगाव तो हाती धरला. भंगीकाम करण्याची मुभा मिळावी म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले. जे काम समाज एका जातीवर लादतो ते स्वतः केल्याशिवाय त्या जातीची मुक्ती बोलता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज मोर्चा पांगल्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि खाऊच्या पुड्या मागे टाकून कार्यकर्ते घरी जातात, आणि त्या वेचायला येते तीच कंत्राटी बाई, जिच्या हक्कांसाठी मोर्चा निघालेला असतो. नाक्यानाक्यांवर वाढदिवसाचे फलक लावण्यात कोणता पक्ष मागे आहे? बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने राजकीय पक्षांचे कान वारंवार उपटले, ते उगीच नव्हे.

डिसेंबर २०२१ मध्ये महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस वाहने बंद करून पादचारी दिन साजरा केला. एक दिवस रस्ता माणसांना परत देता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. तो कायमचा परत मिळवायचा तर मागण्या नेमक्या हव्यात. रस्ता झाडणाऱ्या प्रत्येक कामगाराला कायम नेमणूक, हातमोजे, बूट आणि दुपारी बसायला जागा. पथविक्रेता समितीच्या संमतीने आखलेल्या जागा आणि प्रत्येक रांगेला कचऱ्याची पेटी. मोठ्या दुकानांच्या पुठ्ठ्यांवर व वेष्टनांवर त्यांच्या उलाढालीच्या मानाने आकार, आणि तो पैसा वेचकांच्या सहकारी संस्थेकडे. स्त्रियांसाठी रात्री दुकाने बंद होईपर्यंत उघडी राहणारी, बिनपैशांची स्वच्छतागृहे. बोळांत दिवे, आणि हप्ता घेणाऱ्यांवर पाठ न फिरवणारी पोलीस गस्त. गुटख्याच्या बाबतीत टपरीच्या आधी गोदामावर छापा. यांतील बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा करावा लागत नाही. असलेला राबवावा लागतो, आणि तो राबवला जावा म्हणून महापालिकेच्या दारात बसावे लागते.

हे बसणे संघटित हवे. सफाई कामगार, पथारीवाले, कचरावेचक, दुकानांतील नोकर आणि खरेदीला येणाऱ्या स्त्रिया यांची एकत्र बैठक प्रत्येक प्रभागात घेणे हे पक्षकार्यकर्त्यांचे पहिले काम आहे. आज यांतला प्रत्येक जण दुसऱ्याला घाणीचा धनी समजतो, आणि त्या भांडणावर ठेकेदाराचे पोट भरते. बैठकीनंतर खुर्च्या उचलायच्या आणि सभागृह झाडायचे ते कार्यकर्त्यांनीच. तेवढे काम तरी कंत्राटी बाईसाठी मागे ठेवू नये.