जकातीच्या पावतीत आमचा मुलगा कुठे आहे?

आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. पाढे बिनचूक म्हणतो, एस.टी.चे वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे. पण वर्गात गलका झाला की कान दाबून बाकाखाली बसतो. याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. सातवीपर्यंत कसाबसा निभावला. आठवीसाठी आम्ही आपल्याच समाजाच्या एका संस्थेच्या हायस्कुलात गेलो. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "भाई, आमचा दहावीचा निकाल बिघडेल." बाहेर पडताना शिपायाने हळूच एका दर्ग्याचे नाव सुचवले.

शिपायाचा आम्हाला राग नाही. त्याने त्याच्या परीने माया दाखवली. राग आहे तो निकालाचा फलक लावणाऱ्यांचा.

अल्पसंख्य शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आमच्या संस्थाचालकांना पाठ आहे. 2025 साली त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्यावर शंका घेतली, हे मात्र कुणी बोलत नाही. आणि 2016 चा अपंगांच्या हक्कांचा कायदा तर ठाऊकच नाही. त्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत शेजारच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो, हा सोडत नाही. दहावीला लेखनिक आणि जादा वेळही मिळतो. मग निकाल बिघडतो कसा?

सरकारला आम्ही मोकळे सोडत नाही. हक्क कागदावर आहे, विशेष शिक्षक वर्गात नाही. निरामय योजनेतून उपचारांना वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो, पण शाळेची फी, सोबतीची बाई, रोजची रिक्षा त्यात बसत नाही. हा खर्च शेवटी आईच्या बांगड्यांवर येतो.

म्हणून प्रश्न मोहल्ल्याला आहे. रमजानमध्ये दारोदार पावतीपुस्तके फिरतात. पाच लाख शिल्लक असलेल्या घराची जकात साडेबारा हजार. अशी आठ घरे म्हणजे एक लाख. इमारतीला जकात चालत नाही, असे कुणी म्हणेल. ठीक आहे, इमारत नकोच. गरीब आईच्या हातात द्या, ती फी भरेल. ज्यांना जकात घेता येत नाही त्यांच्यासाठी संस्थेने आपल्या निधीतून एक विशेष शिक्षक नेमावा, शांत बसायला एक खोली द्यावी. संमेलनाच्या मंडपाला पैसे मिळतात, खोलीला का मिळत नाहीत?

अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी. बड्या सरदारांशी बोलणे चालू असताना ते मध्येच आले म्हणून पैगंबरांच्या कपाळावर आठी पडली, तर त्यावर कुरआनात सूरह उतरली. पुढे तेच मदिनेत अजान देऊ लागले. ही गोष्ट आपण जुम्म्याला ऐकतो, मान डोलावतो आणि सोमवारी प्रवेश नाकारतो.

आम्हाला दया नको आहे. आठवीच्या हजेरीपटावर एक नाव हवे आहे.